तो वर उभा राहायचा ती जागा

दुपारी तीनच्या उन्हात, पोलाद कारखान्याच्या मजूर वस्तीत, कॅम्प एकच्या चौथ्या गल्लीत, रुक्माच्या दारासमोर उभी असताना वच्छलाला हसू आलं. नुसतं ओठांवरचं नाही. पोटाच्या तळातून उसळून आलेलं, खांदे हलवणारं, आवरता न येणारं. ती इथे रुक्माला तिचा नवरा गेल्याचं सांगायला आली होती. चंपत रामटेके, खलाशी, उंच बांधकामावर लोखंडी तुळया चढवणाऱ्या टोळीतला, वय वर्षं चौतीस. बाराच्या सुट्टीत भाकर खाऊन कडुलिंबाखाली आडवा झाला आणि भोंगा झाल्यावर उठला नाही. सोबत्यांनी हलवलं, पाणी मारलं, गाडीतून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय झोपेतच थांबलंय. कामगार कल्याण खात्यातल्या वच्छलाबाई गजभिये आणि त्यांच्यासोबतचे कारकून देवीदास दवाखान्यातून थेट इथे आले होते. रुक्मा दारात बसून राखेनं भाताचा गंज घासत होती. बाईंच्या खांद्यावरची पिशवी दिसली तशी ती तोंडभर फुलली आणि म्हणाली, "जय भीम बाई! आलं वाटते कारड!" रेशनकार्ड खरंच आलं होतं. अडीच महिने दोघी त्याच्या मागे होत्या. पहिल्या वेळी चंपतचं नाव 'संपत' होऊन आलं, दुसऱ्या वेळी 'चंपाबाई', आणि त्यावरून चंपतनं बायकोला आठवडाभर हसवलं होतं. आज सकाळीच तिसरं कार्ड आलं होतं, अगदी बिनचूक. चंपत जानराव रामटेके. ते पिशवीत होतं. वच्छलानं बोलायला तोंड उघडलं आणि ते हसू बाहेर पडलं. तिला हसताना पाहून रुक्माही हसायला लागली. राखेचा हात तोंडावर धरून, डोळे मिटून, मान मागे टाकून. दोघी बाया त्या दारात क्षणभर एकमेकींकडे पाहून खदखदा हसल्या. मग देवीदास मागून हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, चंपतराव गेले." रुक्माचं हसू एकदम थांबलं नाही. ते थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, कुणीतरी विसरून गेल्यासारखं.

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. शेजारच्या मैनाबाईनं रुक्माला धरलं, गल्ली जमा झाली, देवीदासांनी तिच्या गोंदियाच्या भावाला तार करायची म्हणून पत्ता उतरवून घेतला. वच्छला मात्र त्यात नव्हती. ती हातात पिशवी घट्ट धरून बांबूच्या ताट्यांच्या भिंतीला टेकून उभी होती आणि आपल्या जबड्यावर नजर ठेवून होती, जणू तो तिचा नसून दुसऱ्या कुणाचा होता, आणि पुन्हा केव्हाही उघडेल. तीन वर्षांत तिनं अशी कितीतरी दारं केली होती. नागपूरला समाजकार्याच्या वर्गात शिकवलेलं तिला पाठ होतं. आधी नाव घ्या, खाली बसवा, घरात आणखी कोण आहे ते पाहा, आणि मग सरळ सांगा, आडवळणानं नको. शिकवलं नव्हतं ते तिनं स्वतःच शोधून काढलं होतं. समोरची बाई किंचाळली की वच्छला मनात पाढा म्हणायची. एकोणतीसचा. सोपा नसतो म्हणून तोच. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. चेहरा करुण, हात समोरच्या पाठीवर, आणि आत ओळीनं आकडे. आकड्यांमध्ये किंकाळी शिरत नाही. हा शोध तिनं कुणाला सांगितला नव्हता. खात्यात तिची ख्याती होती की वच्छलाबाईंचं मन फार घट्ट आहे. तार आली, अपघात झाला, बाळंतपणात कुणी गेलं, की साहेब म्हणायचे, वच्छलाबाईंना पाठवा. आणि वच्छलाबाई पांढरं लुगडं नेसून, छत्री उघडून, आकडे घेऊन जायच्या.

परतताना देवीदास सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालत होते. ते दुर्गच्या मोहन नगरचे, रेल्वेवाल्या घरातले, तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. गल्लीच्या टोकाशी त्यांनी सायकल दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "बाई, मनाले लावून घेऊ नका. माझी आई गेली तवा मी तिरडी बांधता बांधता गाठ चुकलो म्हनून हासलो होतो. होते असं. दिमाग का कोई भरोसा नहीं." ती म्हणाली, "तुमची आई होती, देवीदासजी. हासायचा हक्क होता तुमाले." रिपोर्टात ही गोष्ट येणार नाही असं ते म्हणाले. तिनं मान हलवली. पण खोलीवर आल्यावर तिनं कागद घेतला आणि स्वतःच लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. साहेब भला माणूस होता. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "थकल्या आहात. पंधरा दिवस नागपूरला जाऊन या." थकल्या आहात. पाय थकतात, डोळे थकतात. पण हसणारी ती कोण होती? ती थकलेली वाटत नव्हती. ती चांगली ताजीतवानी होती, तीन वर्षं आत बसून विसावा घेतलेली.

तिनं रजा घेतली, पण नागपूरला गेली नाही. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमधल्या नव्या क्वार्टरच्या एका खोलीत ती खाटेवर पडून राहिली. भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास होता. दिवसभर कारखान्याची घरघर ऐकू यायची. आधीही येतच असणार, पण ती तिच्या कानावर कधी पडली नव्हती. आता ती उशीतून यायची, खाटेच्या पायातून यायची, पाण्याच्या माठावर हात ठेवला तर तिथेही असायची. मनात यायचं की हे काहीतरी फार मोठं आहे आणि आपण तीन वर्षं त्याच्या दाराशी बसून फक्त त्यानं बाहेर टाकलेलं उचलतोय. तुटलेली बोटं, भाजलेल्या पाठी, ताप, बायकांचे हंबरडे. पहिल्या भट्टीतून लोखंड वाहिलं त्या दिवशी सगळं गाव पाहायला लोटलं होतं. वच्छला त्या दिवशी कॅम्पात देवीची लस टोचून घ्यायला बाया गोळा करत होती. नंतरही कितीदा पास मिळत होते. ती गेली नाही. ज्या जागेची बातमी आपण घरोघर पोचवतो ती जागा डोळ्यांनी पाहिली तर आकडे पुरणार नाहीत, अशी काहीतरी धास्ती असावी.

पडल्या पडल्या तिला बाबा आठवायचे. मारोतराव, दुर्गच्या लाइनीवर कीमन. हातोडा खांद्यावर टाकून रोज मैलोगणती रूळ तपासत चालायचे, रुळाला धरणारी चावी सैल झाली की ठोकून बसवायचे. सहा-सात वर्षांची असताना त्यांनी तिला एकदा रुळावर कान ठेवायला सांगितलं होतं. लोखंड उन्हानं तापलेलं, कान भाजला, पण आतून एक बारीक, लांबचा, अंगावर काटा आणणारा सूर येत होता. बाबा म्हणाले, "मुंबई मेल हाय. अजून रसमडा ठेसनाच्या पलीकडं हाय. दिसत नाही, पन निघाली हाय." इकडे रान तसंच निवांत, पाखरं बसलेली, आणि त्या शांततेखालून एवढी मोठी गोष्ट चालत येत होती. तिला भीती नव्हती वाटली. तिला वाटलं होतं, जग किती लांबवर आहे! तसंच पुन्हा एकदा वाटलं होतं ते छप्पनच्या दसऱ्याला, नागपूरला दीक्षेच्या मैदानावर. जिकडे नजर जाईल तिकडे पांढरे कपडे, लाखो माणसं, आणि प्रतिज्ञा म्हणायच्या आधीचा तो एक क्षण, ज्यात कुणी खोकलंही नाही. आई शेजारी उभी होती. त्या दिवशी वच्छलानं ठरवलं होतं की आपण या माणसांच्या कामी यायचं. आणि ती आली. पण केव्हापासून कोण जाणे, समोरच्या माणसाच्या ठिकाणी तिला एक दार दिसायला लागलं होतं, एक फाइल, एक उरकायची भेट. त्या क्षणाची विशालता कुठे गेली? का ती तशीच होती, आणि हिनंच कान उचलून घेतला होता? चौथ्या दिवशी तिनं राजीनामा लिहिला. चार ओळींचा. तो लिहून झाल्यावर तिला छान झोप लागली.

पाचव्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात रुक्मा उभी होती. डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं, पायात चपला नाहीत. कॅम्पापासून सेक्टरापर्यंत ती त्या उन्हात चालत आली होती. वच्छलाच्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही मला मारायला आली आहे. आणि तो विचार येताच तिला बरं वाटलं. ती बाजूला सरली. रुक्मा आत येऊन भुईवर बसली, भिंतीला न टेकता. दिलेलं पाणी तिनं एका दमात प्यायलं. वच्छलानं रिकामा पेला घेऊन टेबलावर ठेवला.

"बाई," रुक्मा म्हणाली, "तुमी आल्या नाही."

"मला तोंड नव्हतं, रुक्माबाई."

"मले तरी कुठं हाय?" ती खाली पाहूनच बोलत होती. "घरी भाऊ आला, नणंद आली, समदे आले. समदे इचारून राहिले, खबर भेटली तवा तू काय करत होती? मी म्हनते, गंज घासत होती. तेवढंच सांगतो. हासली हे नाही सांगत. तो दवाखान्यात थंडा पडला होता आन मी दारात दात काढून राहिली होती. हे कोनाले सांगू? रात झाली का तेच दिसते. माहं हासनं दिसते." तिनं मान वर केली. "दुनियेत हे फक्त तुमालेच ठावं हाय. म्हनून आली."

 पाच दिवस वच्छला स्वतःच्या हसण्याशी झगडत होती. रुक्माच्या हसण्याचं काय झालं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. म्हणजे हे असं होतं. तिनं दारात एक निखारा टाकला होता आणि दोघींच्याही पदरात तो पडला होता, आणि ही बाई आपला जळता पदर घेऊन भांडायला नव्हे, तर दुसरा पदर शोधत आली होती. पाढा म्हणायची हीच वेळ होती. आकडे आलेही, एकोणतीस चोक सोळोदरसे, आणि तिनं त्यांना जाऊ दिलं. ऑफिसातली भाषाही सुटली. "माह्यामुळं झालं ते," ती म्हणाली. "तुमी कार्डासाठी हासल्या. तुमचं हासनं खरं होतं. मले हासू कावून आलं ते मलेच नाही समजत. मी भेली होती, रुक्माबाई. तुमचं तोंड पाहून भेली."

रुक्मानं हे नीट ऐकून घेतलं, बाजारात वजन पाहावं तसं. मग म्हणाली, "तो असता तं खूप हासला असता यावर." आणि मग तिला रडू आलं. वच्छला तिच्या शेजारी बसली होती, आणि तिच्या कानात ते रडणं शिरत होतं, सगळं, हुंदक्यांच्या मधल्या श्वासासकट. ते सहन होत नव्हतं आणि त्यानं कुणी मरतही नव्हतं.

ऊन जरा उतरल्यावर रुक्मानं तोंड धुतलं आणि ज्या कामासाठी आली होती ते सांगितलं. तिला कारखान्यात जायचं होतं. वच्छलाला वाटलं, तो कडुलिंब पाहायचा असेल; पुष्कळांना शेवटची जागा पाहायची असते. रुक्मानं हात झटकला. "झाड काय पाहाचं, बाई? झाडं मी पायलेच हायेत. तो वर कुठं उभा राहे ते दाखवा मले." ती स्वतः दोन वर्षं रेजा, म्हणजे माती वाहणारी मजूर होती, भट्टीच्या पायव्याची माती तिच्या डोक्यावरून गेली होती. पण पायवा भरल्यावर बायांना दुसरीकडे, रस्त्याच्या कामावर लावलं. वर काय उभं राहिलं ते तिनं लांबून, धुरातून पाहिलेलं. "तो रोज सांगे. म्हने, मी जिथं उभा राहातो तिथून शिवनाथ नदी दिसते, दुर्ग दिसते, आपल्या खोलीचं छप्पर दिसते. मी म्हनो, फेकू नका. सात वर्साचा संसार, बाई, पन मी एक डाव बी खरं मानलं नाही. मले पाहू द्या." वच्छला उठली. राजीनाम्याचा कागद टेबलावर होता. त्याच्यावर रुक्माचा रिकामा पेला ठेवलेला होता. ओल्या बुडानं शाई पसरली होती. तिनं तो तसाच राहू दिला. पुढे ती त्या खात्यात आणखी अकरा वर्षं राहिली, कितीतरी दारं तिनं केली, आणि कित्येकदा ती त्या दारांत बसून लोकांसमक्ष रडली. त्याबद्दल एका नव्या साहेबानं तिला समजही दिली. पण मन घट्ट असल्याची जुनी ख्याती मात्र तिच्यापाशी परत आली नाही.

पास देवीदासांनी मिळवले. दुसऱ्या दिवशी, सूर्य कलायच्या सुमारास, तिघं फाटकातून आत गेले. वच्छलाला वाटलं होतं की आत गोंधळ असेल, आणि गोंधळ होताही: इंजिनं, साखळ्या, शिट्ट्या, कारखाना उभारायला आलेल्या रशियन माणसांची ओरड आणि तिच्यावरून छत्तीसगढी माणसांनी केलेली चेष्टा. पण या सगळ्याच्या वर, गोंधळाशी काही संबंध नसलेलं, ते उभं होतं. मान मागे टाकावी लागली. लोखंडाचे पोट सुटलेले मनोरे, त्यांच्याभोवती कोपरात वाकल्यासारखे, हातभर नव्हे, घराएवढ्या जाडीचे नळ, जिने, कठडे, आणि खनिज वर नेणाऱ्या डोलीच्या, आभाळात तिरप्या चढत जाणाऱ्या वाटा. हे माणसांनी केलं? तिला रोज भेटणाऱ्या, उलट्या-जुलाबानं लोळणाऱ्या, दारू पिऊन भांडणाऱ्या, चिठ्ठी वाचून घ्यायला येणाऱ्या माणसांनी? तिच्या फायलींमधल्या प्रत्येक नावाला दोन हात होते आणि त्या हातांनी हे वर नेलं होतं. ती त्यांच्या जखमा ओळखत होती. त्यांचं हे उंच होणं तिला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं. शेजारच्या चालू भट्टीचं तोंड त्याच वेळी फोडलं. आधी एक फुसफुस, मग ठिणग्यांचं झाड, आणि मग वाळूच्या पाटातून ते आलं, पाण्यासारखं सावकाश, पण पाण्यासारखं नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत न मावणारं, पिवळं-पांढरं, आपल्याच तेजानं थरथरणारं. पाटाच्या कडेची माणसं काळ्या रेघांसारखी झाली. चेहऱ्यावर धग आदळली. देवीदासांनी नकळत हात जोडले आणि मग लाजून सोडले.  वच्छला जेवढी होती तेवढीच राहिली होती, एक लहानशी बाई, छत्री घेतलेली. पण त्या लहानपणात तिला आता कोंडल्यासारखं वाटत नव्हतं.

तिसरी भट्टी अजून बांधली जात होती. तिथे चंपतच्या टोळीचा मुकादम भाऊराव त्यांची वाट पाहत होता. उभट, भाजलेल्या रंगाचा माणूस. रुक्माला पाहिल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. रुक्मानं विचारलं, "भाऊ, कुठं उभे राहात तुमचे खलाशी?" त्यानं बोट वर केलं. दीडशे फुटांवर, कठडाही न बसलेली, पायाएवढी रुंद तुळई आभाळाला चिकटली होती. तिच्यावर आता दुसरा कुणी उभा होता, माशीएवढा. "तिथं. डाव्या टोकाले. तेच त्याची जागा. दोर न धरता चाले, वहिनी. आमी वरडो त्याच्यावर."

"तिथून नदी दिसते?"

"दिसते ना."

"आन कॅम्प?"

"समदं दिसते. तो रोज चार वाजता मले सांगे, मुकादम, माही बायको चूल पेटवून राहिली, धूर निंघाला."

रुक्मानं कपाळावर हाताची सावली केली. ती वर पाहत राहिली. पदर डोक्यावरून खाली पडला, तिनं तो सावरला नाही. एवढ्या उंचावर रोज दोर न धरता चाललेला माणूस जमिनीवर उतरून, पोटभर जेवून, सावलीत निजून गेला. याचा अर्थ काय, हे वच्छला स्वतःला विचारत होती. आणि पहिल्यांदाच तिला उत्तर सापडण्याची घाई झाली नाही. मग रुक्मा पुढे गेली आणि तिनं भट्टीच्या पोलादी अंगाला तळवा लावला. सबंध तळवा, बोटं पसरून.

"थंड हाय," ती नवलानं म्हणाली.

"अजून पेटली नाही ना," भाऊराव म्हणाला. "सालाच्या शेवटी पेटवतीन. एक डाव पेटली का मग वर्सानुवर्स इझवत नाहीत. मग तिले कोनीच हात नाही लावू शकनार, वहिनी. माहे पोरं आले तरी नाही. समजा तुमीच शेवटच्या."

पलीकडच्या पाटातलं लोखंड अजून वाहत होतं. त्याचा उजेड या थंड पत्र्यावर चढत होता, रुक्माच्या हातावर, मनगटावर, हिरव्या गोंदणावर. भोंगा झाला. पाळी बदलली, माणसांचे लोंढे त्यांना वळसा घालून जाऊ लागले. काही जण रुक्माला ओळखून थांबले आणि पुढे गेले. देवीदासांनी पासावरची वेळ पाहिली आणि वच्छलाकडे पाहिलं. लोकांना उठवणं, आवरायला लावणं, पुढच्या कागदाकडे नेणं हेच तिचं काम होतं. तिनं छत्री भट्टीच्या पत्र्याला टेकवली, रुक्माच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि तिला चला म्हणाली नाही.